पहिल्या हंड्यातलं पाणी: एका गल्लीतल्या दूषित पाण्याचं प्रकरण

चाळीतल्या बायकांना आधी कळलं, कारण पाणी येताना त्या नळापाशी उभ्या असतात. इमारतीत पाणी पहाटे जमिनीखालच्या टाकीत पडतं, सातला पंप लागतो, पाणी गच्चीवर चढतं आणि मग स्वयंपाकघरात उतरतं. आलं तेव्हा ते कसं होतं, हे तिथे कुणीच पाहिलेलं नसतं. चाळीत तसं नाही. साडेचारला नळ खाकरतो, आधी हवा सुटते, मग पाणी येतं, आणि हंडा भरता भरता त्याचा रंग नि वास दोन्ही समजतात. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तळमजल्यावरच्या एका काकींनी पहिला हंडा मोरीत ओतला, दुसराही ओतला, आणि तिसरा नाकाशी नेऊन शेजारणीला म्हणाल्या, "गटाराचा वास येतोय गं याला."

हे प्रकरण नमुन्यादाखल मांडलं आहे, त्यामुळे गल्लीचं, इमारतींचं किंवा माणसांचं नाव नाही. मुंबईच्या जुन्या वस्त्यांत पावसाळ्याच्या तोंडावर जे घडतं तेच इथे आहे. गल्लीत परिसर समिती आहे. १९९०च्या दशकात घाटकोपरच्या जोशी लेनपासून सुरू झालेल्या प्रगत परिसर व्यवस्थापनाच्या, म्हणजे सगळे ज्याला 'एएलएम' म्हणतात त्या धर्तीची. मूळ काम कचऱ्याचं. ओला-सुका वेगळा करणं, घंटागाडीची वेळ, झाडांची छाटणी, फुटलेली लादी. पाण्याचं प्रकरण समितीकडे पहिल्यांदाच आलं आणि पहिला आठवडा पार वाया गेला. तो का गेला, हे सविस्तर सांगण्यासारखं आहे.

आधी गल्ली समजून घेऊ. लांबी सुमारे १८० मीटर, पुढे रस्ता बंद. तोंडापासून शेवटापर्यंत हलका उतार. इमारती आठ, एक ते आठ अशा तोंडाकडून मोजलेल्या. पाच आणि सहाच्या मध्ये ४२ खोल्यांची एकमजली चाळ. रस्त्याखाली सहा इंची बिडाची नळी, तोंडाशी चावी म्हणजे व्हॉल्व्ह. पाणी पहाटे साडेचार ते सात. नळीला समांतर पावसाळी गटार, आणि डाव्या हाताच्या घरांच्या जोडण्या या गटारातून आरपार गेलेल्या. हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. मुंबईत दूषित पाण्याची तक्रार जिथे जिथे येते तिथे बहुतेक वेळा नळी आणि गटार असे एकमेकांच्या कुशीत असतात.

पाणी दिवसातले अडीच तास येतं, याचा अर्थ बाकीचे साडेएकवीस तास नळीत दाब नसतो. दाब असतो तोवर नळीला भोक असलं तरी पाणी बाहेर जातं, आत काही येत नाही. चावी बंद झाली की उताराकडच्या टाक्या नळीतलं उरलंसुरलं पाणी ओढून घेतात, नळी रिकामी होते आणि ज्या भोकातून पाणी बाहेर गळत होतं त्याच भोकातून बाहेरचं पाणी आत शिरतं. गटार कोरडं असेल तर शिरायला काही नसतं, म्हणून मेमध्ये तक्रार नसते. जूनमध्ये गटार भरलं की तीच जुनी गळती अचानक आजार होते. त्यातून कुणी थेट नळीला मोटर लावली असेल तर ओढ आणखी वाढते. थेट नळीवर पंप लावणं बेकायदा आहे आणि त्याचं कारण फक्त शेजाऱ्याचं पाणी पळतं एवढंच नाही. तो पंप गटारही ओढतो.

पहिला आठवडा

तिसऱ्या दिवशी तीन नंबरच्या इमारतीत स्वयंपाकघराच्या नळाला वास आला. त्या संध्याकाळपासून गल्लीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर निरोपांचा पाऊस पडला. "पाणी घाण येतंय." "आमच्याकडेही." "कुणीतरी तक्रार करा." चाळीसेक निरोपांत एकातही किती वाजता, कुठल्या नळाला, टाकीच्या आधी की नंतर, हे नव्हतं. तिघांनी आपापल्या परीने पालिकेच्या १९१६ क्रमांकावर फोन केला, तिघांना तीन तक्रार क्रमांक मिळाले, तीन वेगवेगळे पत्ते नोंदले गेले. माणसं पाहणीला आली ती सकाळी अकराला. तेव्हा नळीत पाणीच नव्हतं. गच्चीवरच्या टाकीतून आलेलं पाणी त्यांनी पेल्यात धरून पाहिलं, ते स्वच्छ दिसलं, आणि दोन तक्रारी 'पाहणीत दोष आढळला नाही' म्हणून बंद झाल्या. पाहणीला आलेल्यांनी खोटं लिहिलं नाही. अकरा वाजता त्या नळाला खरोखरच दोष दिसत नव्हता.

सहाव्या दिवशी सहा नंबरने स्वतःच्या खर्चाने टाक्या धुऊन घेतल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच घाण पाण्याने त्या पुन्हा भरल्या. ही चूक इतकी सरसकट होते की ठळकपणे सांगायला हवी: येणारं पाणी स्वच्छ झाल्याची खात्री होईपर्यंत टाकी धुवायची नाही. तोवर टाकीला हात लावणं म्हणजे पैसे आणि पाणी दोन्ही गटारात.

दरम्यान इमारतीवाल्यांचं मत बनत चाललं होतं की दोष चाळीच्या सामायिक नळाचा असणार. चाळीचा पाइप जुना आहे आणि गटारातून गेलेला उघड दिसतो, म्हणून. चाळीतल्यांना हे बोलणं लागलं, आणि ते साहजिक होतं, कारण सगळ्यात आधी ओरडले तेच.

रविवारची बैठक

सातव्या दिवशी, रविवारी संध्याकाळी, दोन नंबरच्या पार्किंगमध्ये बैठक झाली. प्रत्येक इमारतीचा सेक्रेटरी किंवा त्याचा माणूस आणि चाळीतून दोघी. बैठक फार लांबली नाही. तीन गोष्टी ठरल्या. यापुढे कुणी एकट्याने तक्रार करायची नाही, समितीमार्फत एकच जाईल. पुढचे तीन दिवस पहाटे प्रत्येक ठिकाणी एक माणूस बाटल्या घेऊन उभा राहील. आणि त्या तीन दिवसांत सगळ्या मोटरी बंद राहतील. गल्लीत थेट नळीला लावलेल्या मोटरी होत्या हे सगळ्यांना ठाऊक होतं. कुणाच्या ते समितीने विचारलं नाही, फक्त बंद ठेवायला सांगितलं. इथे शहाणपणा झाला. नावं काढली असती तर बैठक तिथेच मोडली असती.

पाणी कुठे धरायचं हा कळीचा प्रश्न होता. स्वयंपाकघराचा नळ चालत नाही, कारण त्यात दोन टाक्यांचा इतिहास मिसळलेला असतो. टाकीत पाणी पडतं त्या तोटीखाली बाटली धरणं उत्तम, पण तिथे हात पोचत नाही. बहुतेक इमारतींत याचं सोपं उत्तर फाटकाशी असतं. वॉचमनचा किंवा बागेचा नळ सहसा टाकीच्या आधी, थेट जोडणीवर घेतलेला असतो. आठपैकी सहा इमारतींत तसा नळ निघाला. उरलेल्या दोन ठिकाणी प्लंबरने मीटरच्या पुढचा जोड सैल करून पाणी धरलं.

लागलेलं सामान असं: एक लिटरच्या पारदर्शक बाटल्या, प्रत्येक ठिकाणी चार. मार्कर. बाटलीमागे धरायला पांढरा कागद. क्लोरीन तपासायचा ओटी संच, ज्यात छोट्या नळीतल्या पाण्यात थेंब टाकले की क्लोरीन असेल तर पिवळा रंग येतो आणि तो तक्त्याशी जुळवायचा असतो. रंग लगेच, आल्या क्षणी बघायचा, दोन मिनिटांनी बघितला तर आकडा फसवा येतो. तपासलेलं पाणी मोरीत टाकायचं, चुकूनही पिण्यात नाही. त्याशिवाय जिवाणूंसाठी एचटूएस चाचणीच्या कुप्या: खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण घट्ट लावायचं आणि घरातल्या तापमानाला एक-दोन दिवस ठेवायचं. काळी पडली तर पाण्यात मैल्याचा संसर्ग असण्याची दाट शक्यता.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे नळाच्या पाण्यात शिल्लक क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम हवा, आणि १०० मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय, म्हणजे मैल्यातून येणारा जिवाणू, एकही नको. क्लोरीनचा आकडा का धरायचा, तर शुद्धीकरण केंद्रातून निघालेल्या पाण्यात क्लोरीन असतोच, आणि वाटेत मैला मिसळला की आधी क्लोरीन संपतो. म्हणजे ज्या नळाला क्लोरीन शून्य, तिथे काहीतरी शिरलंय. डोळ्याला पाणी स्वच्छ दिसत असलं तरी.

बाटल्या धरायच्या वेळा चार: पाणी येताक्षणी, पाच मिनिटांनी, पंधरा मिनिटांनी, अर्ध्या तासाने. घड्याळ सगळ्यांनी मोबाइलचंच लावायचं, भिंतीवरचं नाही.

तीन पहाटे

आठव्या, नवव्या आणि दहाव्या दिवशीचे आकडे जवळजवळ सारखे आले. एक, दोन, तीन, चार आणि पाच या इमारतींच्या फाटकाशी पहिल्या बाटलीपासून क्लोरीन ०.५च्या आसपास. चाळ, सहा, सात आणि आठ इथे पहिल्या दोन बाटल्यांत शून्य, पंधरा मिनिटांनी ०.२, अर्ध्या तासाने ०.५. चाळीच्या पहिल्या बाटलीचा रंग पांढऱ्या कागदासमोर फिक्या चहासारखा. तिची कुपी दुसऱ्या सकाळी काळी. त्याच नळाची अर्ध्या तासानंतरची कुपी दोन दिवसांनीही होती तशीच.

आकडे कागदावर मांडले तेव्हा दोन गोष्टी लख्ख दिसल्या. एक, दोष पाच नंबर आणि चाळ यांच्या दरम्यान कुठेतरी आहे. दोन, दोष पहिल्या पंधरा मिनिटांचा आहे. सहा इंची, १८० मीटर नळीत सुमारे ३,२०० लिटर पाणी मावतं. बंद काळात नळीच्या उताराकडच्या भागात जे साचतं तेच पहिल्या पंधरा मिनिटांत बाहेर पडतं, मागून ताजं पाणी येतं. सहा नंबरच्या टाकीत हे पहिलं पाणी पडून नंतरच्या हजारो लिटरमध्ये विरघळायचं. दिसायचं नाही, वासही मंदावायचा, पण टाकीतला क्लोरीन खाऊन टाकायचं.

फक्त एक गोष्ट जुळत नव्हती. तीन नंबरच्या फाटकाशी पाणी स्वच्छ, आणि स्वयंपाकघरात वास. तीन नंबरवाले पहिल्यापासून तावातावाने ग्रुपवर लिहीत होते, त्यामुळे सुरुवातीला सगळ्यांचा समज झाला होता की दोष गल्लीच्या तोंडापासूनच आहे. प्रत्यक्षात त्यांचा दोष त्यांच्याच आवारात होता. जमिनीखालच्या टाकीचं झाकण आवाराच्या लादीच्या पातळीपेक्षा दीड इंच खाली गेलेलं. कधीतरी लादी नव्याने बसवताना आवार उंच झालं, झाकण तिथेच राहिलं. पावसाचं पाणी गाड्यांखालची घाण घेऊन थेट टाकीत. दोन वेगळे दोष, एकच आठवडा, आणि तक्रार एकच: "पाणी घाण येतंय". फाटकाशी आणि स्वयंपाकघरात अशा दोन बाटल्या धरल्या नसत्या तर हे कधीच सुटं झालं नसतं. येणारं पाणी स्वच्छ आणि टाकीनंतरचं खराब असेल तर दोष सोसायटीचा, पालिकेला बोलावून उपयोग नाही. झाकणाचा कठडा नऊ इंच उंच बांधून घेतला, प्रश्न मिटला.

पत्र

आठव्या दिवशीच पहिल्या पहाटेचे आकडे घेऊन विभाग कार्यालयात पत्र दिलं होतं. सहायक अभियंता, जलकामे, यांच्या नावे. प्रती सहायक आयुक्तांना आणि आरोग्य खात्याला. पत्र एका पानाचं, सोबत हाताने काढलेला नकाशा: गल्ली, इमारती, चावी, गटाराची चेंबरं, आणि प्रत्येक फाटकाशी चार वेळांचे क्लोरीनचे आकडे. १९१६चे जुने तीन क्रमांकही लिहिले. आवक शिक्का मारलेली प्रत समितीच्या फायलीत. शेवटी एकच विनंती: पाहणी पहाटे चावी फिरण्यापूर्वी व्हावी, आणि पाण्याचा नमुना पहिल्या मिनिटाचा घ्यावा.

ही दुसरी अट मुद्दाम होती. प्रयोगशाळेचा नमुना घेण्याची रीत अशी की नळ दोन-तीन मिनिटं वाहू द्यायचा, तोटी निर्जंतुक करायची आणि मग क्लोरीन निष्प्रभ करणारं सोडियम थायोसल्फेट घातलेल्या बाटलीत पाणी धरून बर्फात ठेवायचं. रीत योग्य आहे, नळाच्या तोंडाची घाण नमुन्यात येऊ नये म्हणून. पण दोषच पहिल्या पाण्याचा असेल तर वाहून गेलेल्या दोन-तीन मिनिटांबरोबर पुरावाही वाहून जातो. म्हणून दोन नमुने मागायचे, पहिल्या मिनिटाचा एक आणि रीतीप्रमाणे एक.

अकराव्या दिवशी कामगार आले आणि त्यांनी चाळीचा सामायिक पाइप बदलला. तो गंजलेला होता, एका जोडाशी ओलही होती, त्यामुळे बदलणं चूक म्हणता येणार नाही. पण बाराव्या दिवशी पहाटे चाळीची बाटली पुन्हा चहासारखी. इमारतींच्या ग्रुपवर "आता तरी चाळीचा झाला ना नीट" असे निरोप पडत होते, आणि चाळीतल्या दोघी बाटली घेऊन समितीच्या सेक्रेटरींच्या दारात उभ्या होत्या. चाळीचा पाइप हा एकमेव दोष असता तर सहा-सात-आठला त्याचा त्रास बदलल्याबरोबर थांबायला हवा होता. थांबला नाही, म्हणजे शोध अजून बाकी.

बुडबुडे

तेराव्या दिवशी पहाटे सव्वाचारला जलकामे खात्याचे कनिष्ठ अभियंता, दोन कामगार आणि चावीवाला गल्लीत आले. चावीवाल्याला गल्लीची नळी तळहातासारखी माहीत होती. पंधरा वर्षं तो तीच चावी फिरवत होता, आणि तेवढ्या वर्षांत समितीतल्या कुणीही त्याला काही विचारलेलं नव्हतं. त्याने चालता चालता सांगितलं, "साहेब, पाचची जुनी बिल्डिंग पाडली ना, तिची लाइन या बाजूने होती. नवीन घेतली त्या बाजूने. जुनी तोडलेली मला तरी दिसली नाही."

पाच आणि चाळ यांच्यामधली गटाराची तीन चेंबरं उघडून ठेवली. पाऊस थांबलेला होता, गटारात गुडघाभर काळं पाणी, जवळजवळ स्थिर. मधल्या चेंबरवर विजेरी धरून एक कामगार ओणवा झाला. चारवर बत्तीस मिनिटांनी तोंडाशी चावी फिरली. अर्धं मिनिट काही नाही. मग चेंबरच्या भिंतीलगत, पाच नंबरच्या बाजूला, काळ्या पाण्यात एक बुडबुडा आला, मग दोन, मग भातासारखी रटरट सुरू झाली. रिकाम्या नळीतली हवा पाण्याच्या रेट्याने बाहेर पडत होती आणि तिला सगळ्यात जवळची वाट तीच होती. तीनेक मिनिटांनी बुडबुडे थांबले आणि त्याच जागी काळ्या पाण्यात स्वच्छ पाण्याची धार फिकट पट्ट्यासारखी दिसू लागली. अभियंत्यांनी भिंतीवर खडूने फुली मारली.

साधी युक्ती आहे, जमिनीला सळई लावून गळतीचा आवाज ऐकण्यापेक्षाही साधी, पण ती एकाच वेळी चालते: चावी फिरल्यानंतरची पहिली काही मिनिटं. सकाळी अकराला हे चेंबर शंभर वेळा उघडलं असतं तरी काळ्या पाण्याखेरीज काही दिसलं नसतं.

चौदाव्या दिवशी खोदलं. फुलीपासून रस्त्याकडे सव्वा मीटर अंतरावर बिडाच्या नळीवर जुना फेरूल, म्हणजे मुख्य नळीतून घराची जोडणी जिथून निघते तो जोड, सापडला आणि त्यातून निघालेला पाऊण इंची जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचा, पाइप गटारात जाऊन कुजून संपलेला. पुढे इमारत नाही, नळ नाही, नुसतं उघडं तोंड. इमारत पाडताना जुनी जोडणी फेरूलपाशी तोडून बूच मारायचं असतं. इथे पाइप फक्त कुंपणाशी कापून वाकवला होता. गंज चढेपर्यंत नऊ वर्षं त्याने दम धरला. पाच नंबरच्या रहिवाशांना याची गंधवार्ता नव्हती आणि त्यांचं स्वतःचं पाणी स्वच्छ होतं, कारण त्यांची नवी जोडणी चढाकडे, या भोकाच्या आधी. घाण सगळी उताराकडे जात होती. ज्याच्या पाइपाने गल्ली आजारी पाडली त्याच्या घरी पेला स्वच्छ, आणि ज्यांनी आधी ओरडा केला त्यांच्यावर आळ. इमारतीवाल्यांनी पुढच्या बैठकीत चाळीच्या दोघींची माफी मागितली, ते बरं झालं.

फेरूल काढून नळीला बूच मारलं, रात्री खड्डा तात्पुरता बुजवला.

नंतरचा क्रम

दुरुस्ती झाली म्हणजे पाणी लगेच पिण्याजोगं होत नाही. पंधराव्या दिवशी पहाटे शेवटच्या आठ नंबरची जोडणी मीटरशी सोडवून वीस मिनिटं पाणी गटारात वाहू दिलं, म्हणजे नळीत बसलेला गाळ निघून गेला. त्या पहाटे कुणीही टाकीत पाणी घ्यायचं नाही असं आदल्या रात्री सांगितलं होतं. बाकी सगळ्यांनी टाकीत पाणी सोडणारे बॉल कॉक बांधून ठेवले, सहा नंबरने विसरून पाणी घेतलं आणि त्यांना टाकी रिकामी करावी लागली. मग चारही वेळांच्या बाटल्या पुन्हा धरल्या. चाळीच्या पहिल्या बाटलीत ०.५. पालिकेने पहिल्या मिनिटाचा आणि रीतीचा असे दोन्ही नमुने नेले.

नमुने ठीक आल्यावरच टाक्या धुवायला घेतल्या. चाळ सोडून उताराकडच्या तीन इमारतींच्या आणि तीन नंबरची. घासून, गाळ काढून, टाकी पूर्ण भरायची आणि लिटरला ५० मिलिग्रॅम क्लोरीन होईल एवढी ब्लीचिंग पावडर घालायची. २५ टक्के क्लोरीनची पावडर धरली तर १,००० लिटरला २०० ग्रॅम, म्हणजे २५,००० लिटरच्या टाकीला ५ किलो. आधी बादलीत कालवून निवळ ओतायची, कोरडी पावडर टाकीत टाकायची नाही. बारा तास ठेवून ते पाणी सगळं सोडून द्यायचं, मग ताजं भरायचं. पावडर ताजी हवी. पावसाळ्यात फोडून ठेवलेल्या पिशवीचा जोर महिन्याभरात निघून जातो, आणि वासावरून तो कळत नाही.

जमिनीखालच्या टाकीत माणूस उतरवण्याबद्दल समितीने एक नियम कडक ठेवला: वरची दोन्ही झाकणं उघडी, पंख्याने हवा खेळती, खाली एक माणूस उतरला तर वर दोन, आणि खालच्याच्या कमरेला दोर. ९ मार्च २०२५ रोजी नागपाड्यात पाण्याची टाकी साफ करताना चार कामगार गुदमरून मेले. बंद टाकीतली हवा वरून बघून कळत नाही. त्यासाठी कंत्राटदाराची दोन तासांची घाई चालवून घ्यायची नाही.

सूचना कशी लिहावी

पहिल्या आठवड्यात ग्रुपवर "पाणी पिऊ नका" एवढंच फिरत होतं. परिणाम असा की अर्ध्या गल्लीने वीस लिटरचे जार मागवले, अर्ध्या गल्लीने दुर्लक्ष केलं, आणि इमारतींत कामाला येणाऱ्या मावशी, वॉचमन आणि ड्रायव्हर रोज तेच पाणी पीत राहिले, कारण ते ग्रुपवर नव्हतेच. आठव्या दिवसापासून समितीची सूचना रोज रात्री आठला, एकाच मजकुराची, चाळीच्या जिन्यापाशी, आठही फाटकांवर आणि ग्रुपवर लागायची. मराठी, हिंदी, गुजराती. वॉचमनला वाचून दाखवण्याची जबाबदारी सेक्रेटरीची. नवव्या दिवशीची सूचना अशी होती:

"चाळ, इमारत ६, ७, ८: पहाटे पाणी आल्यापासून पहिली २० मिनिटं नळाचं पाणी भरू नका, वाहू द्या. पिण्याचं पाणी खळखळून उकळी फुटल्यावर किमान एक मिनिट उकळा, गार करून झाकून ठेवा. इमारत ३: तुमच्या टाकीत दोष आहे, टाकीचं पाणी पिऊ नका. इमारत १, २, ४, ५: आजच्या तपासणीत दोष नाही, तरी पिण्याचं पाणी उकळा. जुलाब, उलटी झाल्यास ओआरएस सुरू करा आणि डॉक्टरांना दाखवा, समितीलाही कळवा. पुढची सूचना उद्या रात्री ८ वाजता."

शेवटच्या ओळीने सर्वांत जास्त काम केलं. उद्या आठला कळणार आहे म्हटल्यावर दिवसभराच्या विचारणा थांबल्या. काही नवीन नसलं तरी आठला सूचना लागायची, 'आज बदल नाही' अशी.

आजारी माणसांची नोंद वहीत घर आणि तारखेनिशी ठेवली आणि दर दोन दिवसांनी आरोग्य खात्याला दिली. जुलाब दुरुस्तीनंतर आठवड्याभरात थांबले, पण वही बंद केली नाही. दूषित पाण्यातून होणारी 'हेपटायटिस ए'ची कावीळ १५ ते ५० दिवसांनी उमटते. म्हणून शेवटच्या खराब पहाटेपासून पन्नास दिवस नोंद चालू ठेवली, ऑगस्टच्या मध्यापर्यंत. डोळे पिवळे, लघवी गडद, भूक मेलेली, असं कुणी दिसलं की कळवा, हेही सूचनेत वेगळं लिहिलं.

बाकी राहिलेलं

जुलैच्या बैठकीला चावीवाल्याला बोलावलं. त्याच्या आठवणीतून आणि जुन्या पाणीबिलांवरून गल्लीतल्या आणखी चार मेलेल्या जोडण्यांची यादी झाली: बंद पडलेली पिठाची गिरणी, दोन नंबरच्या मागचं पाडलेलं गॅरेज, आणि पुनर्विकास झालेल्या सातच्या दोन जुन्या लाइनी. गिरणी आणि गॅरेजच्या जोडण्या जुलैतच फेरूलपाशी तोडल्या. सातच्या दोन्ही नव्या काँक्रीटखाली आहेत, त्यांचं खोदकाम पावसाळ्यानंतर, ऑक्टोबरमध्ये धरलं आहे. तोवर चाळीच्या नळाशी दर सोमवारी पहाटे पहिल्या मिनिटाची बाटली धरली जाते, आणि क्लोरीनचा आकडा जिन्यापाशी खडूने लिहिला जातो.